टोकं जुळायची जागा

आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत जमिनीच्या अगदी मधोमध पाणी जायची एक लोखंडी जाळी आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ लांब कापडाच्या घड्या घालायला उभ्या राहिलो की भेटायचो त्या जाळीवर. मी खिडकीकडून यायची, ती इस्त्रीच्या टेबलाकडून. कोपऱ्यावरच्या हॉटेलचे मेजवानीचे टेबलक्लॉथ एवढे लांब, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून धरावे लागतात. दोन-दोन टोकं दोघींच्या हातात, एक झटका द्यायचा, आडवी घडी घालायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. जाळीवर आलो की ती आपली टोकं माझ्या हातात द्यायची आणि वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची. वाकायचं तिनंच. ती धाकटी.

त्या जाळीवरचं लोखंड आमच्या पायांनी गुळगुळीत झालंय असं माझा मुलगा गमतीनं म्हणतो. मला त्यात गंमत वाटत नाही, खरंच झालंय.

तर गेल्या थंडीत माझ्या लक्षात आलं की आम्ही जाळीवर भेटत नाही. टोकं जुळतात तेव्हा जाळी माझ्या मागे राहिलेली असते. म्हणजे मी माझ्या वाटणीचं चालून वर तिच्याही वाटणीचं चालत होते आणि धाकटी इस्त्रीच्या टेबलाला खिळल्यासारखी उभी.

"काय गं, पायाला मुंग्या आल्यात का?" मी विचारलं.

"नाही हो जाऊबाई. येतेच आहे."

"येतेच आहे म्हणतेस आणि मी तुझ्या दारात येऊन पोचले. कासवसुद्धा निघालं असतं एव्हाना."

ती हसली. धाकटी हसते तेव्हा ओठ मिटून हसते. लग्न होऊन आली त्या दिवशीही तशीच हसली होती. मला तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो. दोरीवर कुणाचे तरी निळे पडदे वाळत होते, वारा सुटला होता आणि एक ओला पडदा नव्या नवरीच्या तोंडावर येऊन चिकटला. सगळे हसले. तिनं तो शांतपणे बाजूला केला, दोरीवर नीट सरळ केला आणि मग घरात पाऊल टाकलं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "ही कामाची आहे." माझ्याबद्दल त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या. तेही आठवतं.

सासूबाईंचा एक नियम होता. धुण्याचं घर, फरशी कायम ओली. ओलं ओझं घेऊन दोघी निघाल्या तर मोठीनं पुढं चालायचं, धाकटीनं एक पाऊल मागं. "पुढची घसरली तर मागची धरते," त्या म्हणायच्या. मागच्या बाईनं पुढचीला ओलांडायचं नाही. हळूहळू तो नियम फरशीवरून रस्त्यावर आला. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना मी पुढं आणि ती एक पाऊल मागं. सासूबाई गेल्या, दोघींचे नवरे गेले, मशिनं आली, कोरड्या फरशा आल्या, पण धाकटीचं ते एक पाऊल काही सुटलं नाही. माझ्या आयुष्यात माझ्या पाठीमागे कोण आहे हे बघायला मला कधी वळावं लागलं नाही.

आता मात्र वळावं लागायला लागलं. रस्त्यात ती मागे राहायची. मी थांबायची. ती मागे पडलेली बघून मीही पाऊल आखूड टाकायला लागले, म्हणजे तिची दमछाक होऊ नये. दोघींना भाजी आणायला इतका वेळ लागायला लागला की माझा मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी भाजी पेरायला जाता का?"

आणि त्याच सुमारास विसरणं सुरू झालं.

एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं. मी स्वयंपाकघरात शिरले तर धूरच धूर. "कुणी ठेवलं होतं हे?" मी ओरडले. "मी ठेवलं होतं, विसरले," धाकटी म्हणाली. एकदा कपाटाची किल्ली सापडेना. दिवसभर घर उलटंपालटं केलं, शेवटी ती निघाली स्टार्चच्या डब्यातून. "मीच ठेवली असणार," धाकटी म्हणाली. आणि मग तो लाल रुमाल. हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथांबरोबर कुणीतरी एक लाल रुमाल मशिनमध्ये टाकला आणि सगळा गठ्ठा गुलाबी होऊन बाहेर आला. हॉटेलचा मॅनेजर आला, कापड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "रंग छान आहे. पण आमचा नाही."

मुलगा चिडला. "काकू, तू आता मशिनला हात लावायचा नाहीस." तिनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं. मी मनात म्हटलं, वय झालं बिचारीचं. माझ्यापेक्षा लहान असून आधी झालं.

धाकटीची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, दुसऱ्या शहरात नोकरी करते. सुट्टीला आली आणि दोन दिवस आईकडे नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं.

"मोठी आई, आई किती हळू चालते बघितलंस? आणि सारखं 'मी विसरले, मी विसरले' चाललेलं असतं. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं अगदी असंच सुरू झालं होतं. आधी पाय मंदावले, मग विसरायला लागले. कुणी मनावर घेतलं नाही. आता त्यांना घरातली माणसं ओळखू येत नाहीत."

"अगं, म्हातारपणी कोण धावतं?"

"नुसतं एक असतं तर मीही सोडून दिलं असतं. दोन्ही एकदम आलं की दाखवून घ्यावं म्हणतात. उद्या जाऊ. आणि डॉक्टर काही बोलल्या, तर मी तिला घेऊन जाणार. माझ्याकडे राहील. इथे ओल्या फरशीवर नको."

ती हे अगदी प्रेमानं म्हणाली. पण धाकटी गेली तर? मुलगा दिवसभर दुकानात, सून नोकरीला. सकाळचा चहा मी कुणासमोर पिणार? जुन्या गोष्टी सांगायला लागले की 'हो, आणि त्या दिवशी पाऊस होता' असं कोण म्हणणार? गोष्ट आठवणारी दुसरी व्यक्ती नसली की आपण खरं सांगतोय की बनवून सांगतोय हे आपलं आपल्यालाही कळत नाही.

म्हणून मी एक युक्ती केली. दुपारी धाकटीला वाळवणाच्या अंगणात नेलं. दोऱ्यांवर चादरी होत्या, आडोसा चांगला होता.

"हे बघ, उद्या डॉक्टर चालायला लावतील. तिथे झपझप चालायचं. आणि विसरते-बिसरते काही बोलायचं नाही. चाल बघू आता, या खांबापासून त्या खांबापर्यंत."

ती निघाली. मी बरोबर निघाले. ती एक पाऊल मागे.

"अगं, माझ्या मागे काय येतेस? पुढं चाल!"

"तुमच्या पुढं? सासूबाई वरून बघताहेत."

"त्यांना म्हणावं, डोळे मिटा थोडा वेळ."

"त्यांनी जिवंतपणी कधी मिटले नाहीत, आता कशाला मिटतील?"

दोघी इतक्या हसलो की मला चादर धरून उभं राहावं लागलं. मग मी बाकड्यावर बसले आणि तिला एकटीला चालायला लावलं. काय सांगू, ती चालली की हो! पदर खोचून, मान ताठ, ओल्या चादरींमधून सरसर. मला वाटलं, वा, माझ्या शिकवण्याला यश आलं. मन मात्र कुठेतरी टोचत होतं. दहा मिनिटं शिकवून कुणाचे पाय असे सुधारतात का?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांच्या खोलीची खिडकी फाटकाकडे उघडत होती. आम्ही तिघी बसलो.

"तक्रार कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"हिची," मी म्हटलं.

"म्हणजे या स्वतः तक्रार करतात, की यांच्याबद्दल तुम्ही करता?"

मी गोंधळले. "ती म्हणते विसरते. आणि मी म्हणते की ती विसरते."

"आणि तुम्ही? तुम्हाला काही विसरल्यासारखं वाटतं का?"

"मला?" मी हसले. "मला या घरात आले त्या दिवसापासूनचं सगळं पाठ आहे. दोरीवर कुणाचे कपडे होते तेही सांगते."

"आजचं सकाळचं?"

"आज सकाळी…" मी म्हटलं, आणि खरंच सांगते, तो चहा की कॉफी, आधी अंघोळ की आधी चहा, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. पण रोजचंच असतं ते. रोजचं कोण लक्षात ठेवतं?

त्यांनी धाकटीला बाहेरच्या लांब बोळात चालायला सांगितलं, आणि मला आत बसायला. ती निघाली ती अशी, की बाहेरची नर्स बाजूला झाली. "आजी, गाडी सुटत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "रोज चालता तसं चाला." तिनं परत चालून दाखवलं. थोडं कमी जोरात, पण छान. मग चालता चालता वारांची नावं उलटी म्हणायला सांगितली, तर ती रविवारपासून सोमवारपर्यंत न अडखळता गेली आणि सोमवार म्हणता म्हणता दाराशी येऊन पोचली.

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

"आता तुम्ही," डॉक्टर मला म्हणाल्या.

"मी कशाला? मी सोबत आलेय."

"मघाशी तुम्ही दोघी फाटकातून येताना मी खिडकीतून बघत होते. चला, एक फेरी."

मी उठले. माझ्या नेहमीच्या चालीनं निघाले. बोळ मघाशी एवढा लांब दिसला नव्हता. फरशीही चकचकीत, घसरायची भीती. वारांची नावं उलटी म्हणायला लागले. रविवार, शनिवार, शुक्रवार… आणि गुरुवार शोधताना माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. केव्हा थांबले ते कळलं नाही. पाय आणि वार एका वेळी येईनात. मागून पावलांचा आवाज आला. धाकटी उठून माझ्या मागे एक पाऊल येऊन उभी राहिली होती.

आत आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मघाशी आल्या आल्या मी तुम्हा दोघींना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. आधी तुम्ही सांगा."

"छत्री," मी म्हटलं. "दगड. आणि…"

समोर धाकटी हळूच केसांवरून हात फिरवत होती. भांग सारखा करत होती, मान थोडी तिरकी करून, माझ्याकडे डोळे मोठे करून बघत. मी तिचा इशारा ओळखला.

"कंगवा!" मी म्हटलं.

"आरसा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "आणि आजी, तुम्ही मदत करू नका."

मग त्या गंभीर झाल्या. "हे बघा, आजार झालाय असं मी म्हणत नाहीये. चाल मंदावणं आणि आठवणीची तक्रार, दोन्ही मिळून आली की पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, एवढंच. धोका म्हणजे नक्की होईल असं नाही. मोठ्या आजींच्या रक्ताच्या तपासण्या करू, डोळे, कान, रक्तदाब बघू. कधी कधी कारण भलतंच साधं निघतं. रोज चालायचं. आणि काही महिन्यांनी पुन्हा या. दोघी."

मोठ्या आजी म्हणजे मी. हे मला घरी पोचेपर्यंत नीटसं समजलंच नव्हतं.

घरी पुतणीनं आईला समोर बसवलं. "आई, खरं सांग. लाल रुमाल कुणी टाकला?"

"मी."

"दूध कुणी ठेवलं होतं?"

"मीच."

"किल्ली?"

"मीच गं. किती वेळा सांगू?"

"मग तू दवाखान्यात एवढी झपझप कशी चाललीस?"

"जाऊबाईंनी शिकवलं," धाकटी म्हणाली.

आता यातून काय अर्थ काढायचा? मी रात्रभर नाही, पण झोप लागेपर्यंत तोच विचार करत राहिले. ती म्हणते ते खरं असेल तर आजार तिच्या उंबऱ्यावर आहे, आणि चाल माझ्या शिकवणीची. ती खोटं बोलत असेल तर रुमाल मी टाकला, दूध मी ठेवलं, आणि ती माझं पांघरूण होऊन बसलीय. आणि हळू मी चालत होते, मला ओलांडायला नको म्हणून ती हळू, घड्या घालतानासुद्धा माझी वाट बघत टेबलापाशी थांबलेली. ती हळू म्हणून मी आणखी हळू. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्यासी स्वतःच दोर घेऊन उभा! पण मला रुमाल टाकल्याचं आठवत नाही. अजिबात नाही. आणि आठवत नाही म्हणजे केलं नाही, की आठवत नाही म्हणजेच केलं?

सकाळी पुतणी आईची बॅग काढून बसली. "मोठी आई, रागावू नकोस. आई बरी असेल तर आता या वयात तिनं कुणाची शुश्रूषा करत बसायचं का? आणि बरी नसेल तर ती माझ्याजवळच हवी. दोन्हीकडून मला तेच दिसतंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिचंही चुकत नव्हतं.

तेवढ्यात हॉटेलचे टेबलक्लॉथ मशिनमधून बाहेर आले. पांढरे. मी धाकटीला हाक मारली. पुतणीही मागोमाग आली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

आम्ही आपापल्या जागी गेलो. झटका दिला, आडवी घडी घातली. आणि मी म्हटलं, "धाकटे, ऐक. आज मोठी म्हणून सांगते. माझ्यासाठी थांबायचं नाही. तुझे पाय नेतील तशी ये."

"जाऊबाई, कशाला…"

"माझी शपथ आहे."

ती निघाली. मीही निघाले, माझ्या नेहमीच्या चालीनं, मनापासून सांगते, जराही हळू नाही. ती जाळीवर आली आणि सवयीनं थांबली. मी अजून खिडकीपाशीच होते. तिनं मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ये," मी म्हटलं.

तिनं जाळी ओलांडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा जाळी तिच्या मागे गेली. ती माझ्यापर्यंत आली, अगदी खिडकीपर्यंत, टोकं माझ्या हातात दिली आणि वाकून घडी उचलली.

मी पुतणीकडे वळले. म्हटलं, "ने हिला. अजून पायांत बळ आहे हिच्या. माझ्यामागे रांगत बसायला नको."

पुतणीनं डोळे पुसले आणि आईकडे बघितलं. "आई, ऐकलंस?"

धाकटीनं हातातली घडी टेबलावर ठेवली. दुसरा टेबलक्लॉथ उचलला, त्याची दोन टोकं माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "धरा नीट."

धाकटीनं मला कधी काही 'करा' म्हणून सांगितलेलं नव्हतं. मी धरलं.

"आणि तू," ती मुलीला म्हणाली, "ती बॅग वर ठेव माळ्यावर. डॉक्टरांनी दोघींना बोलावलंय ना पुन्हा? तेव्हा ये, आम्हाला घेऊन जा. एकीला नाही."

पुतणीनं लगेच ऐकलं नाही. आईशी भांडली, माझ्या मुलाशी बोलली, सुनेशी बोलली. शेवटी मशिनसमोर माझ्या मुलानं राहायचं, गॅसजवळ सुनेनं नाहीतर धाकटीनं, आणि आम्ही दोघींनी रोज संध्याकाळी चालायला जायचं असं ठरवून गेली. बॅग माळ्यावर गेली.

आता आम्ही रोज चालतो. मी तिला पुढं जा म्हणते. ती पुढं जाते, वळून बघते, आणि पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचायच्या आत कशी कोण जाणे परत माझ्या मागे एक पाऊल येऊन पोचलेली असते. घड्या घालताना टोकं खिडकीपाशी जुळतात. कधी कधी जाळीवरही जुळतात, आणि मग मला कळत नाही की मी बरी होतेय की तिनं पुन्हा थांबायला सुरुवात केलीय.

परवा मी तिला अचानक विचारलं, "लाल रुमाल कुणी टाकला होता गं?"

"मी," ती म्हणाली, आणि केसांवरून हात फिरवला.

"बरं, डॉक्टरांचा तो तिसरा शब्द काय होता? आरसा की कंगवा?"

तिनं विचार केला. खरंच केला की केल्यासारखं केलं, ते तिचं तिला माहीत.

"कंगवाच होता, जाऊबाई," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं."